बायल्या खांदा

मालकांनी क्लिप मध्येच थांबवली आणि विचारलं, ‘‘ह्याच्या हातात पेटी कुणी दिली?’’

मोबाइलच्या पडद्यावर एक दाढीवाला, जाड चष्म्याचा, टक्कल पडत चाललेला गोरा माणूस पुढ्यात हार्मोनियम घेऊन बसला होता. समोर सुटाबुटातला मुलाखतकार. साल १९६८. ‘फायरिंग लाइन’ नावाचा अमेरिकेतला टीव्ही कार्यक्रम, मुलाखत घेणारा विल्यम बकली, म्हणजे तिथल्या उजव्या मंडळींचा बिनीचा शिलेदार. आणि पाहुणा अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग. वाद बाजूला ठेवून तो डोळे मिटून ‘हरे कृष्ण’ म्हणत होता.

मालक म्हणजे माझा जोडीदार. आमची आई वडिलांना मालक म्हणायची, तिचंच उचललंय. आधी थट्टेत म्हणायचो, मग तेच पडलं. नाव छापलेलं त्याला आवडणार नाही, तेव्हा इथेही मालकच. तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतोय, त्यामुळे कान तयार आणि जीभ तिखट. ‘‘दोन पट्ट्या दाबून नुसता भाता हलवतोय,’’ तो म्हणाला. मग परत क्लिप सुरू करून थोडा वेळ बघितलं. ‘‘पण लाज म्हणून नाही बघ चेहऱ्यावर. वाजवू दे.’’

पेटीचा प्रवास तसा गमतीदार. वाद्य मूळचं फ्रान्समधलं, पायाने भाता मारायचं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते जमिनीवर बसून एका हाताने भाता हलवता येईल असं करून घेतलं आणि मग ते आपल्या संगीत नाटकांत, कीर्तनांत, भजनांत असं मुरलं की परकं आहे हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. ध्यानात राहिलं फक्त आकाशवाणीच्या. १९४० ते १९७१ पेटीला रेडिओवर बंदी होती, श्रुती नीट लागत नाहीत म्हणून. गिन्सबर्ग भारतात येऊन गेला तो बरोबर या बंदीच्या काळात. इथे रेडिओने दाराबाहेर ठेवलेली पेटी त्याने पुढे अमेरिकाभर मिरवली. मोर्च्यात, विद्यापीठात, टीव्हीवर. त्याच पेटीवर इंग्रज कवी ब्लेकच्या कवितांना चाली लावून १९७० साली एक तबकडीही काढली. ती मी मालकांना अजून ऐकवलेली नाही.

मला हा माणूस भेटला १९८७ साली, फाउंटनच्या फुटपाथवर. मी तेव्हा फोर्टातल्या एका बँकेत दोन वर्षांचा जुना क्लार्क. साताऱ्याकडून आलेला, वरळीत कॉटबेसिसवर राहणारा. अकाउंटन्सीच्या गाइडांच्या ढिगाखाली एक जवळपास चौकोनी, पातळ पुस्तक दिसलं. पांढरं, काळ्या किनारीचं. शर्टाच्या खिशात मावेल एवढंच. पुस्तकवाला वीस म्हणाला, मी बारा रुपयांना आणलं. इंग्रजी कवितेशी माझं काही देणंघेणं नव्हतं. आकार आवडला, एवढंच.

‘हाउल अँड अदर पोएम्स’. हाउल म्हणजे काय, हे शब्दकोशात बघितलं. रात्री गल्लीत कुत्री रडायला लागली की घरातली म्हातारी उठून दगड भिरकावते, तो आवाज. आक्रोश, आकांत, टाहो हे आपले शब्द माणसांचे आहेत. यात जनावर आहे.

ओळी लांबच्या लांब. एका श्वासात वाचायच्या, असं त्याने स्वतःच म्हणून ठेवलंय. एकेक ओळ म्हणजे एकेक श्वास. लोकलच्या दारात उभं राहून मी त्या ओठातल्या ओठात वाचायचो. निम्मं कळायचं नाही. कळायचं ते असं कळायचं की पुस्तक पटकन मिटून खिशात टाकायचो आणि आजूबाजूला बघायचो. कारण त्यात पुरुषावर प्रेम करणारे पुरुष होते, आणि ते रडत नव्हते, पस्तावत नव्हते. आनंदाने ओरडत होते.

बँकेत एक सोय असते. ज्या नोंदीचं खातं सापडत नाही, पण रक्कम तर आलेली आहे, ती नोंद सस्पेन्स अकाउंटला टाकायची. दिवसअखेरीला टॅली लागते, साहेब सही करतात, सगळे घरी जातात. माझं त्या वेळचं आयुष्य कसं होतं, याला मला दुसरा शब्द सुचत नाही. रक्कम होती. खातं नव्हतं.

गिन्सबर्गचं तसं नव्हतं, निदान पुढे राहिलं नाही. जन्म ३ जून १९२६, न्यूअर्क, न्यू जर्सी. ज्यू घर. वडील लुई शाळामास्तर आणि यमक जुळवून नीटनेटक्या कविता लिहिणारे कवी. आई नेओमी रशियातून आलेली, पक्की कम्युनिस्ट, पोरांना पार्टीच्या सभांना घेऊन जाणारी. आणि तिला वेडाचे झटके यायचे. तिच्या डोक्यात तारा घातल्यात, सासू विष घालतेय, असं काय काय. ॲलन शाळकरी असल्यापासून तिला सांभाळायचा. कोलंबिया विद्यापीठात गेला तिथे केरुअॅक आणि बरोज हे लेखक भेटले, म्हणजे पुढे ज्यांना बीट पिढी म्हटलं गेलं ती मंडळी. १९४९ मध्ये एका मित्राच्या चोरीच्या मालापायी पकडला गेला. तुरुंगाऐवजी मनोरुग्णालयात आठ महिने काढले. बाहेर आला तो ‘सुधारायचं’ असं ठरवून: नोकरी, मुलगी, टाय. त्या काळात अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात समलिंगी संबंध हा गुन्हा होता, आणि डॉक्टरांच्या वहीत आजार.

मग सॅन फ्रान्सिस्को. बाजारपेठेच्या पाहणीची नोकरी, चांगला पगार. तिथल्या एका मानसोपचारतज्ज्ञाने त्याला विचारलं, तुम्हाला नक्की काय करायचंय? हा म्हणाला, नोकरी सोडायची, एका खोलीत जोडीदार पीटरबरोबर राहायचं आणि कविता लिहायच्या. डॉक्टर म्हणाला, मग करा की.

‘‘मग करा की’’ म्हणणारा डॉक्टर १९५५ साली मिळणं हे नशीब. मला १९९० मध्ये जे डॉक्टर भेटले त्यांनी थंड पाण्याने आंघोळ आणि लवकर लग्न असे दोन उपाय सांगितले होते. फी पन्नास रुपये.

७ ऑक्टोबर १९५५. सॅन फ्रान्सिस्कोची सिक्स गॅलरी, म्हणजे मुळात मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज. पाच कवी वाचणार होते. केरुअॅकने लोकांकडून नाणी गोळा करून वाइनचे मोठे बुधले आणले आणि मग ओळीओळीला ‘गो! गो!’ असं ओरडत बसला. आपल्याकडे गाण्याला पुढे बसून मान हलवणारे असतात, तसा. एकोणतीस वर्षांच्या गिन्सबर्गने ‘हाउल’चा पहिला भाग वाचला. प्रकाशक फर्लिंगेटी श्रोत्यांत होता. त्याने तार केली: हस्तलिखित कधी मिळेल?

पुस्तक १९५६ मध्ये आलं, किंमत पंचाहत्तर सेंट. छपाई इंग्लंडात, तेव्हा मार्च १९५७ मध्ये ५२० प्रती कस्टम्सने अश्लील म्हणून अडवल्या. ते प्रकरण मिटतंय तोवर जूनमध्ये साध्या वेशातल्या पोलिसांनी फर्लिंगेटीच्या सिटी लाइट्स दुकानात पुस्तक विकत घेतलं आणि काउंटरवरच्या माणसाला अटक केली, मग फर्लिंगेटीवरही खटला. न्यायाधीश क्लेटन हॉर्न हे रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवणारे गृहस्थ. दुकानातून वस्तू उचलणाऱ्या बायकांना त्यांनी एकदा ‘टेन कमांडमेंट्स’ सिनेमा बघून निबंध लिहायची शिक्षा दिली होती. म्हणजे आशा ठेवायला जागा नव्हती. सरकारी वकील साक्षीला आलेल्या प्राध्यापक मार्क शोरर यांना विचारत होते, या ओळीचा साध्या भाषेत अर्थ सांगा. शोरर म्हणाले, साहेब, कवितेचं गद्यात भाषांतर होत नाही, म्हणून तर ती कविता. ३ ऑक्टोबरला हॉर्नसाहेबांनी निकाल दिला: पुस्तकाला सामाजिक मोल आहे, अश्लील नाही. ज्याच्यामुळे हे सगळं चाललं होतं तो कवी त्या वेळी युरोपात भटकत होता.

जूनमध्ये अटक, ऑक्टोबरमध्ये निकाल. हे वाचताना मला आमच्या बँकवाल्यांच्या जगातलीच एक गोष्ट आठवते. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता अशोक शहाणे यांनी १९८३ साली पोस्टर म्हणून छापली होती. तीच १९९४ मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या एका पत्रिकेत आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी, काय ठरवलं? तर कवीवरचा खटला रद्द करता येणार नाही. त्या पत्रिकेचा तो अंक आमच्या शाखेत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गुपचूप फिरला होता. मी तेव्हा काही बोललो नाही. मी तेव्हा कशावरच काही बोलत नसे.

त्या पातळ पुस्तकात ‘अमेरिका’ नावाची एक कविता आहे. सुरुवातीलाच खिशातली रोकड: दोन डॉलर सत्तावीस सेंट, १७ जानेवारी १९५६. डे बुकाची नोंद असावी तशी. कॅशियरच्या मनाला हे एकदम भिडतं. मग तो देशाशी भांडतो, खोड्या काढतो, बाँबवरून शिव्या देतो, आईबरोबर गेलेल्या कम्युनिस्ट सभांची आठवण काढतो, आणि शेवटच्या ओळीत म्हणतो की बरं बाई अमेरिके, मी आपला खांदा चाकाला लावतो. पण नुसता खांदा नाही. ‘क्वीअर’ खांदा.

चिखलात गाडी रुतली की चाकाला खांदा लावायचा, हे मला कुणी समजावून सांगायला नको. आमच्या गावाकडे ऊस भरलेल्या बैलगाड्या ओढ्यात रुतायच्या तेव्हा रस्त्याने जाणारा कुणीही धोतर-पायजमा वर खोचून खांदा लावायचा. जात विचारत नसत, एरवी कितीही विचारत असले तरी. प्रश्न त्या खांद्याच्या विशेषणाचा. मराठीत काय म्हणू?

‘समलिंगी खांदा’ म्हणजे भूमितीतली आकृती वाटते. तो शब्दच सरकारी आहे, परिपत्रकातला. १९५६ च्या अमेरिकेत ‘क्वीअर’ ही शिवी होती. गल्लीत मागून फेकून मारायची. आज परिषदांमध्ये मानाने म्हणतात, पण त्याने लिहिलं तेव्हा तो दगडच होता, आणि त्याने तो झेलून स्वतःच्या खांद्यावर बसवला. तशी आपल्याकडची शिवी मला चांगली माहीत आहे. सातवीत कबड्डीच्या मैदानावर मला ती पहिल्यांदा पडली. बायल्या.

म्हणून माझ्या वहीत ती ओळ अशी आहे: ‘अमेरिके, हा बघ मी लावतो माझा बायल्या खांदा चाकाला.’ पेन्सिलीने लिहिली, खोडली, परत लिहिली. शाईने लिहायला पुढची अकरा वर्षं लागली.

फेब्रुवारी १९६२ मध्ये तो पीटर ऑर्लोव्स्कीबरोबर पूर्व आफ्रिकेहून बोटीने मुंबईला उतरला आणि मे १९६३ पर्यंत इथे राहिला. गुरू शोधायला आला होता. ऋषिकेशला शिवानंदांना विचारलं, गुरू कुठे मिळेल? त्यांनी सांगितलं, तुझं हृदय हाच गुरू. धरमशालेला दलाई लामांपुढे नशेच्या गोळ्या घेऊन दिसणाऱ्या साक्षात्कारांबद्दल बोलत बसला. त्यांनी विचारलं, ती गोळी घेतली की त्या ब्रीफकेसमध्ये काय आहे ते दिसतं का? मला यातलं दुसरं उत्तर जास्त आध्यात्मिक वाटतं. मग वेरूळ, मुंबई, कलकत्ता. तिथे सुनील गंगोपाध्याय, शक्ती चट्टोपाध्याय या बंगाली कवींबरोबर कॉफी हाउस आणि नीमतल्याचा स्मशानघाट. शेवटचे पाच महिने बनारस, दशाश्वमेधजवळची खोली. मणिकर्णिकेवर तासन्‌तास बसून जळणारी प्रेतं तो बघायचा आणि जे दिसेल ते वहीत उतरवायचा. कवटी, पाय, धूर, कुत्री. गोऱ्या हिप्पींची जी लाट पुढे आली तिला वाट याने दाखवली म्हणून पुष्कळ जण बोटं मोडतात. मोडावीत. पण १९७१ च्या सप्टेंबरमध्ये, पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते तेव्हा, हाच माणूस परत आला, सुनीलदांबरोबर पावसाच्या चिखलात जेसोर रोडवरच्या छावण्यांत फिरला आणि त्यावर त्याने लांबलचक कविता लिहिली. ती त्याने यमकात लिहिली. बापाचा वारसा असा उशिरा वर आला.

मुंबईतल्या कवींवर त्याचा परिणाम किती, यावर अभ्यासक भांडतील. मला एकच पुरावा पुरतो. अरुण कोलटकरांना कुणी विचारलं, तुमचे आवडते कवी-लेखक कोण? त्यांनी यादी दिली ती संपेचना. तीत मर्ढेकर आहेत, ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, तुकाराम, गोडसे भटजी, बहिणाबाई चौधरी, लॉरेल आणि हार्डी. आणि गिन्सबर्ग. जनाबाईच्या पंगतीत पान मांडलं म्हटल्यावर आणखी काय हवं? आणि जनाबाईने तरी काय केलं? डोईचा पदर खांद्यावर आला म्हणून सांगितलं, भर बाजारात जाईन म्हणून सांगितलं. हे दोघे तिथे शेजारी बसलेले मला अजिबात विजोड वाटत नाहीत.

आता आईचं.

१९४७ मध्ये नेओमीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करायची ठरली, लोबोटॉमी. आईवडील विभक्त झालेले, तेव्हा संमतीपत्रावर सही केली एकवीस वर्षांच्या ॲलनने. ती सही त्याच्या हातातून कधी गेली नाही. आई ९ जून १९५६ ला मनोरुग्णालयातच वारली. हा हजारो मैल लांब, कॅलिफोर्नियात. दफनाच्या वेळी ज्यूंचा रिवाज असा की ‘कद्दिश’ ही प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. दहा जमले नाहीत. प्रार्थना झालीच नाही. आणि दोन दिवसांनी त्याला पोस्टाने आईचं पत्र आलं, मरणाआधी टाकलेलं.

त्या पत्रात ती म्हणते: किल्ली खिडकीत आहे, खिडकीतल्या उन्हात किल्ली आहे. माझ्याकडे किल्ली आहे. लग्न कर ॲलन, नशापाणी करू नकोस.

वेड लागलेली, मेंदू कापलेली बाई, मरायच्या टोकाला, आणि काय लिहिते? लग्न कर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं, कारण माझ्या पत्र्याच्या पेटीत आईची आंतर्देशीय पत्रं होती आणि एकही पत्र या वाक्यावाचून संपत नव्हतं. पाऊस बरा आहे, म्हैस व्यायली, आता लग्नाचं मनावर घे. हसता हसता मग नीट हसता आलं नाही.

राहिलेली प्रार्थना मुलाने स्वतःच लिहिली. १९५८ च्या नोव्हेंबरात, न्यूयॉर्कच्या खोलीत, जवळजवळ चाळीस तास टेबलावरून न हलता. तिचंही नाव ‘कद्दिश’. १९६१ मध्ये पुस्तक आलं. लोक ‘हाउल’ला थोर म्हणतात. माझ्या मते त्याचं खरं काम हे. आईच्या शरीरावरचे व्रण, तिच्या घामाचा वास, तिची भीती, तिला शुश्रूषागृहात पोचवायला बारा वर्षांच्या पोराने केलेला बसचा प्रवास, काहीच झाकलेलं नाही. आपल्याकडे आईवर लिहायचं म्हणजे डोळ्यांत पाणी, तुळशीवृंदावन आणि फाटकी नऊवारी. यात आई आहे, अख्खी. वाचवत नाही आणि सोडवत नाही.

इथेच माझं त्याच्याशी भांडणही आहे. त्याला काही लपवायचं नव्हतं, ठीक. पण आपलं उघडं करताना माणूस दुसऱ्याचंही उघडं करतो. नेओमीला कुणी विचारलं नाही. पीटरलाही फारसं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉस्टर्स कॅफेटेरियात, आपल्या इराण्यासारख्या जागी, पहाटे तीन वाजता दोघांनी हातात हात घेऊन एकमेकांना वचन दिलं होतं. पुढे चाळीस वर्षं जग त्यांना जोडपं म्हणून ओळखत राहिलं. पण पीटरचा ओढा मुळात बायकांकडे होता, मन अस्थिर, घरात आजार, दारू आणि नशा. ही काही आदर्श संसाराची तसबीर नव्हे. २०१० मध्ये पीटर वारला, त्याच्याबद्दल मोजकंच छापून आलं.

आणि एक गोष्ट आहे जी मी मालकांना सांगितली तेव्हा त्याने मोबाइल उलटा ठेवला. प्रौढ पुरुष आणि अल्पवयीन मुलं यांच्या संबंधांना मान्यता मागणारी एक संघटना अमेरिकेत होती. गिन्सबर्ग तिचा सभासद झाला. कारण दिलं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं. मी हे कारण घेत नाही. शाळेच्या मैदानावर कोण काय करतं हे ज्यांनी सोसलंय त्यांच्याकडे तर असलं कारण घेऊन येऊच नये. त्याच्या चाहत्यांनी हे पान गिळायचं आणि त्याच्या शत्रूंनी एवढंच पान वाचायचं, असं चाललेलं असतं. माझ्याकडे दोन्ही पानं उघडी आहेत आणि टॅली लागत नाही.

चळवळ्या म्हणून त्याची गंमत अशी की कुणालाच तो पचला नाही. १९६५ मध्ये क्यूबाने त्याला हाकललं, तिथे समलिंगींना दिल्या जाणाऱ्या वागणुकीवर आणि नेत्यांवर वाटेल ते बोलला म्हणून. तिथून प्रागला गेला, १ मे ला विद्यार्थ्यांनी त्याला वसंतोत्सवाचा राजा केलं, आठवड्याभरात त्या सरकारनेही विमानात बसवलं. घरी एफबीआय होतीच. १९६८ च्या शिकागोतल्या युद्धविरोधी निदर्शनांत पोलीस लाठ्या चालवत असताना हा बागेत बसून तासन्‌तास ‘ओम’ म्हणत होता, लोकांची डोकी थंड राहावीत म्हणून. पुढच्या वर्षी त्या निदर्शनांच्या खटल्यात साक्षीला उभा राहिला तर कोर्टात हरे कृष्ण म्हणायला लागला. न्यायाधीशांनी बजावलं, या न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. सरकारी वकिलाने त्याच्याकडून त्याच्याच पुरुषांवरच्या प्रेमकविता वाचून घेतल्या आणि विचारलं, याचा धार्मिक अर्थ सांगा. लाजवायला विचारलं होतं. त्याने शांतपणे सांगितला.

१९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमध्ये पोलिसांच्या धाडीविरुद्ध पोरं उलटून उभी राहिली. दोन-तीन रात्रींनी गिन्सबर्ग तिथे चक्कर मारून आला. म्हणाला, पोरं किती सुंदर दिसताहेत. दहा वर्षांपूर्वी आपल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर असायची ती जखमी नजर गेली.

ती नजर. आमच्या शाखेच्या १९९१ च्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत डावीकडून तिसरा बघा.

अमेरिकेत ‘हूज हू’ नावाचा नामवंतांच्या माहितीचा ग्रंथ निघतो. त्यात जोडीदाराच्या रकान्यात गिन्सबर्गने पीटर ऑर्लोव्स्की असं नाव दिलं. कुठे मान्यता नाही, कायदा नाही, काही नाही. रकाना होता, त्याने भरला.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला रकाना म्हणजे काय ते माहीत असतं. २००९ मध्ये मालकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. रात्री अकरा वाजता खिडकीवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला: रुग्णाशी नाते. माझ्या हातात पेन, मागे रांग. मी लिहिलं, चुलतभाऊ. आडनावं वेगळी. तिने बघितलं, मी बघितलं, तिने शिक्का मारला. मुदत ठेवीच्या वारसाच्या रकान्यात आम्ही एकमेकांना कायम ‘मित्र’ लिहीत आलो. २०१८ च्या ६ सप्टेंबरला ३७७ कलमाखालचा समलिंगी संबंधांचा गुन्हा गेला, त्या दिवशी मालकांनी साजूक तुपातला शिरा केला. २०२३ मध्ये लग्नाचा हक्क न्यायालयाने नाकारला, त्या दिवशी भजन होतं, तो भजनाला गेला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सरकारने खुलासा केला की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना वारस नेमायला आडकाठी नाही. मी तोवर निवृत्त झालेलो. खुलाशाचा कागद वाचून मला त्या रात्रीचा शिक्का आठवला.

गिन्सबर्ग ५ एप्रिल १९९७ ला गेला. यकृताचा कर्करोग, वय सत्तर. निदान झाल्यावर त्याने ओळखीच्यांना एकामागून एक फोन केले, आणि ३० मार्चला शेवटची कविता लिहिली. यापुढे मी काय काय करणार नाही, याची यादी. बल्गेरियाला जाणार नाही, निमंत्रण होतं. काशीला परत जाणार नाही, गंगेत न्हाणार नाही, पीटरबरोबर मणिकर्णिकेवर बसणार नाही. पुरीला जगन्नाथाचं दर्शन होणार नाही. मद्रासचे संगीत महोत्सव ऐकणार नाही. म्हाताऱ्या झालेल्या सुनीलबरोबर चहा पिणार नाही. खाती बंद करताना शिल्लक काढतात तशी यादी.

मी ती मालकांना वाचून दाखवली, तोंडाने मराठी करत. तो भिंतीवर बोटं चढवत होता. चार महिने झाले, त्याचा डावा खांदा आखडलाय, फ्रोझन शोल्डर. फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम: भिंतीवर बोटांनी कोळ्यासारखं वर चढायचं, जिथे कळ येईल तिथे दहा आकडे थांबायचं. डावा खांदा गेला म्हणजे भाता गेला. मंडळातल्या एका पोराने सध्या पेटी धरलीय आणि मालक त्यावर रोज खार खाऊन असतात.

‘‘मद्रासला काय ठेवलंय,’’ तो आकडे मोजता मोजता म्हणाला, ‘‘सवाईला यायचं पुण्याला.’’

रात्री जेवणं झाल्यावर त्याने पेटी काढली. मला समोर बसवलं, उलट्या बाजूने भात्यावर हात ठेवायला लावला. ‘‘सावकाश. श्वास घेतोस तसा. जोर नको.’’ मी हलवत राहिलो, तो उजव्या हाताने ‘रूप पाहतां लोचनीं’ शोधत राहिला. माझा भाता मध्येच अडखळायचा आणि सूर बसका व्हायचा, की तो चष्म्यावरून बघायचा. तिसऱ्या चरणाला माझा खांदा भरून आला. मी हात बदलला.